गळ टाकायला चालेल असा रेनकोट

६ जून २००४, रविवार

खडकवासल्याच्या मागच्या पाण्यावर, सकाळी सहा ते साडेनऊ. चिलापी सात, सगळ्या तळहाताएवढ्या. सोडून दिल्या. ह्यांना एक वांब लागली, ती काठाशी येता येता सुटली. हे सहा वाक्यं बोलले. त्यातलं एक वांबेला.

घरी आल्यावर परत गप्प. टीव्ही लावून बसले, आवाज बंद. कंपनी सोडली त्याला सव्वा वर्ष झालं. सव्वीस वर्षं कंपनीत, शेवटची अकरा टूलरूमचे फोरमन, मग व्हीआरएस. निरोपाला सूटकेस मिळाली. कुठे जायचं ते कोणी सांगितलं नाही. घरात दिवसाला चार-पाच शब्द: चहा, पेपर, नको, बघू. पाण्यावर मात्र बोलतात, म्हणून दर रविवारी मी नेते. गळ टाकायला मीच शिकवलं. मला माझ्या वडिलांनी शिकवलं, भंडाऱ्याकडे, गावच्या तळ्यावर, म्हणजे बोडीवर, पाळीवर बसवून. मेश्राम गुरुजींची सून मासे धरते म्हणून सासरी थोडं हसले होते. आता कोणी हसायला नाही.

पश्चिमेला ढग. आता खरा प्रश्न.

९ जून, बुधवार

ऑफिसातून हाफ डे. ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. छाती साफ आहे. गेल्या ऑगस्टात न्यूमोनियानं अकरा दिवस ठेवलं होतं. साध्या प्लास्टिकच्या कोटात चार तास पावसात बसले होते. कोट बाहेरून जितका ओला तितकाच आतून.

डॉ. म्हणाले, "पावसात भिजायचं नाही."

मी विचारलं, "पावसात जायचं नाही, की भिजायचं नाही?"

चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. "भिजायचं नाही."

म्हणजे जायला हरकत नाही. चार महिने घरात बसवले तर काय होईल, ते स्टेथोस्कोपात ऐकू येणार नाही.

१२ जून, शनिवार

नारायण पेठेत दुकान. हे पायरीवर उभे, आत यायला तयार नाहीत. मी मालकांना म्हटलं, "मासे धरायला बसायचंय. चार-पाच तास, वाऱ्यापावसात. त्याला चालेल असे दोन रेनकोट दाखवा."

मालक उठले नाहीत. "मासे बाजारात मिळतात. कोरडं राहून."

"रेनकोट तुमच्याकडे मिळतात असं पाटीवर लिहिलंय."

मग दाखवले. लेडीजमध्ये तीन, तिन्हींवर फुलं. घोट्यापर्यंत झगा आणि पर्ससाठी खिसा. पँट विचारली. "लेडीजमध्ये पँट येत नाही."

"का?"

"कोणी मागत नाही."

"मी मागतेय."

"तुमच्या एकटीसाठी कोण काढणार, बाई."

शेवटी ह्यांच्यासाठी जाड काळा, पँटसकट. माझ्यासाठी त्यातलाच लहान नंबर, बाह्या दुमडून. बाहेर येऊन विचारलं, कसा वाटतो. "बघू."

१३ जून, रविवार

पाऊस आला. परीक्षा झाली. दोघं नापास.

सातला बसलो. आठला ह्यांच्या उजव्या खांद्याची शिवण गेली. गळ लांब टाकायला हात मागे नेला आणि टर्रकन फाटलं. माझं वेगळंच. काठी वर धरली की मनगटातून पाणी आत शिरतं, कोपरावरून बगलेपर्यंत जातं. पँट गमबुटात खोचली होती, त्यामुळे कोटावरचं सगळं पाणी बुटात. उलटा केला तर पेलाभर निघालं. पँट बुटाच्या बाहेरून हवी. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. वडिलांकडे गमबूटच नव्हते, त्यामुळे त्यांनी हे शिकवलं नाही.

हे शिवण बोटानं उलगडून बघत होते. म्हणाले, "टाके लांब पडलेत. मशीन घाईत चालवलंय. आणि टाका बसलाय तिथेच भोक आहे, मग पाणी येणारच." एका दमात एवढं बोलल्याचं आठवत नाही.

साडेआठला उठवलं. ताप नाही.

१६ जून, बुधवार

सु. आली. हिंजवडीला ऑफिस, रात्री अमेरिकेशी बोलते, सकाळी आमच्याशी भांडते. भांडण तेच: "आई, बाबांना पावसात नेऊ नकोस." पण येताना जॅकेट घेऊन आली, तिकडून परत आलेल्या मैत्रिणीकडून मागवलेलं. रुमालाएवढं हलकं. बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतला घाम बाहेर जातो म्हणे. "ब्रीदेबल आहे बाबा. कापड श्वास घेतं."

हे म्हणाले, "म्हणजे माझ्यापेक्षा बरंय."

सु. हसली, मग मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, बाबा आज जोक करतायत. मी म्हटलं, लिहून ठेवते. ठेवलं.

२० जून, रविवार

जॅकेट पहिले दोन तास फार चांगलं. पाणी मोत्यासारखं घरंगळतं. तिसऱ्या तासाला घरंगळेना, कापड काळं पडलं आणि अंगाला चिकटलं. साडेदहाला आतला शर्ट ओला. तिकडचा पाऊस येतो आणि जातो. आपला मुक्कामाला येतो.

शिवाय आत सुती बनियन. सुती एकदा भिजलं की वाळत नाही, गार पडतं. पुढच्या वेळी जुना लोकरी स्वेटर. जूनमध्ये लोकरी म्हटल्यावर हसतील, हसू देत.

परतीला बसमध्ये ह्यांना दोन शिंका. मी मोजल्या. त्यांनी मला मोजताना बघितलं.

२३ जून, बुधवार

ऑफिसातून आले तर जेवणाच्या टेबलावर काळा कोट, अस्तर उसवून सपाट पसरलेला. हे त्यावर वाकलेले, चष्मा नाकावर. कंपनी सोडल्यापासून हातात हत्यार पहिल्यांदा बघितलं. हत्यार म्हणजे माझी शिवणाची कात्री, पण धरलं होतं तसंच.

सांगितलं त्यांनी. सांगितलं म्हणजे खरंच सांगितलं, मी न विचारता. कंपनीत पत्र्याला बारीक तडा असला तर शोधायची पद्धत असते. तीच इथे. कोटाला आतून खडूची पूड फासायची, बाहेरून पाणी मारायचं. जिथून येईल तिथे खडू काळा पडतो. "डोळ्यांना दिसत नाही. खडू सांगतो."

बाथरूममध्ये कोट हँगरला, वर शॉवर, वीस मिनिटं. मग उलटा केला. खांदे, काख, चेनची पूर्ण लांबी, टोपीचा जोड. सगळीकडे काळ्या रेषा.

फरशीवर खडूचा चिखल. मी पुसून घेतला.

२६ जून, शनिवार

कसब्यात अन्वरभाईंकडे. टेम्पोची कव्हरं आणि ताडपत्र्या शिवतात. हे बसनं शनिवारवाड्यापाशी उतरले आणि मला भलत्याच लांबच्या गल्लीनं घेऊन गेले. मी म्हटलं, सरळ गेलो असतो तर पाच मिनिटं. "इकडून बरं आहे."

अन्वरभाईंनी काळा कोट हातात घेतला आणि खाली ठेवला. "साहेब, शिवण म्हणजे काय? भोकांची रांग. शिवून झालं की आतून पट्टी चिकटवायची, तेव्हा ते कापड होतं. नाहीतर चाळण." रबर लावलेलं कापड आहे त्यांच्याकडे, घडी घातली तरी चिरत नाही असं. वास येतो, महिनाभरात जातो म्हणाले. ह्यांनी कागद काढला. रात्री माप टाकून चित्र काढलं होतं, तीन बाजूंनी, बाणासकट. अन्वरभाईंनी उलटसुलट बघून विचारलं, "हे रेनकोटचं आहे की बॉयलरचं?"

हे चक्क हसले.

४ जुलै, रविवार

पाण्यावर गेलो नाही. घरी मापं. कोट मांडीपर्यंतच, बसल्यावर मागचं टोक दगडावर टेकून पाणी ओढून घेणार नाही इतका. पँट खांद्यावरच्या पट्ट्यांची, छातीपर्यंत वर. बाहीच्या आत दुसरी बाही, इलॅस्टिकची. चेनवर दुहेरी झडप. काखेत झाकलेली भोकं, घाम जायला. टोपी मोठी नको, मान वळवली की टोपीही वळली पाहिजे; कच्ची शिवून आणली ती मात्र जमलेली नाही, दोन्ही बाजूंनी डोळ्यावर येते, समोरचं तेवढं दिसतं.

रंगावरून वाद. मी हिरवा म्हटलं, माशांना दिसू नये. हे म्हणाले, "पिवळा. माणसांना दिसावा."

"माणसं कशाला बघतायत आपल्याला तिथे?"

"बघायची वेळ आली तर."

पिवळा.

१० जुलै, शनिवार

तिसरी चाचणी. खडू पांढरा. फक्त टोपीच्या गाठीशी रुपयाएवढा डाग. सोमवारी अन्वरभाईंकडे परत. गेल्या पंधरवड्यात हे पाच वेळा कसब्यात गेले, पाचही वेळा लांबच्या गल्लीनं.

शेजारच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे रोज एक तास शॉवर चालतो का हो? आमचं पाणी कमी येतं." सांगितलं, रेनकोट धुतोय. त्या म्हणाल्या, "मग पावसात वाळत घाला."

१८ जुलै, रविवार

धो धो. साडेसहा ते एक. दोघंही कोरडे. बाहीत हात घालून बघितलं, कोरडे. मोजेसुद्धा. वारा समोरून, पाऊस आडवा, आणि आपण आत बसलोय घरात बसल्यासारखे. मरळ एक, दीड किलोची असेल, नवीन पाण्याला काठाशी आलेली. ह्यांनी एकट्यानं काढली.

वाक्यं मोजायचं विसरले.

२ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसला गेले नाही. पाय सुजलाय. कालचं लिहिते.

काल रविवार. पानशेत रस्त्याला, नेहमीच्या पुढे. पाण्यात गेलेली खडकाची सोंड आहे, टोकाला खोल पाणी. तिथे पोचायला एक ओढा ओलांडावा लागतो, सकाळी घोटाभर होता. पाऊस पहाटेपासून जोरात. आजूबाजूला एक माणूस नाही. साडेसातला गळ टाकले.

चूक इथेच झाली. नऊला अजून जोर चढला, दहाला वीज. साध्या कोटात असतो तर दहाला कुडकुडत उठलो असतो. पण अंग कोरडं, स्वेटर उबदार, थर्मासमध्ये चहा. मासा लागत नव्हता तरी बसून राहिलो. टोपीमुळे बाजूचं दिसत नाही, मागचं तर नाहीच. साडेअकराला मी लघवीला म्हणून उठले आणि वळून बघितलं. ओढा नव्हता. लाल पाणी होतं, वीस-पंचवीस फूट रुंद, मध्ये लाटा. सोंडेचं बेट झालं होतं.

ह्यांना हाक मारली. आले, बघितलं, एक काडी पाण्याच्या कडेला खडकाच्या भेगेत खोचली. दहा मिनिटांनी काडी पाण्यात.

पलीकडच्या उतारावर म्हशी घेऊन एक म्हातारबा उभे होते. पिवळे कोट लांबून दिसले म्हणाले नंतर. तोंडाशी हात धरून ओरडत होते: "उतरू नका. वरनं लोंढा हाय. पानी वसरंस्तवर बसा तितंच." मग म्हशी घेऊन गेले. त्यांना कळलंय एवढं समाधान. मोबाइलला रेंज नाही.

सोंडेच्या सगळ्यात उंच खडकावर बसलो. पाणी तिथून कमरेइतकं खाली. दुपारचे बारा. करण्यासारखं काही नाही. ह्यांनी गळ परत पाण्यात टाकला. मी म्हटलं, आता कशाला. म्हणाले, "हात रिकामे नको."

शेजारी शेजारी बसलो होतो, दोघांच्या टोप्या पुढे ओढलेल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना माझा नाही. मग ते बोलायला लागले.

व्हीआरएसच्या आधी वरच्या साहेबांनी बोलावलं होतं. टूलरूममधली अकरा नावं लिहून द्या म्हणाले. कोणावर जबरदस्ती नाही, समजावलं तर ऐकतील अशी. ह्यांनी घरी आणून लिहिली. आपल्याच टेबलावर, मी स्वयंपाक करत असताना. पहिलं नाव जगतापांचं.

जगताप म्हणजे ग्राइंडरवरचे. एकोणीस वर्षं ह्यांच्याबरोबर, त्यातली शेवटची हाताखाली. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला खीर खायला दोघं नवराबायको येत. व्हीआरएसनंतर आले नाहीत, मला वाटलं आपापल्या व्यापात असतील.

मी विचारलं, "पहिलं त्यांचं का?"

त्यांनी गळ ओढून परत टाकला. "तो मला नाही म्हणणार नाही म्हणून."

जगताप फॉर्म घेऊन ह्यांच्याचकडे आले होते. "साहेब, तुम्ही म्हणाल तसं." ह्यांनी सांगितलं, घे, आत्ता चांगलं देतायत. जगतापांनी तिथेच उभ्यानं सही केली, ह्यांच्या पेनानं. अकराच्या अकरा गेले. तीन महिन्यांनी टूलरूमच बंद झाली, कामं बाहेर द्यायला लागले. मग ह्यांनाही फॉर्म आला. समजवायला कोणी आलं नाही, गरज नव्हती.

जगताप आता हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. आत येणाऱ्या गाड्यांखाली आरसा धरतात. सु. ची कंपनी नव्हे, शेजारची. पण सु. ला सोडायला गेले असताना ह्यांनी एकदा बघितलं आणि रिक्षा वळवून घेतली. जगतापांचं घर कसब्यात. अन्वरभाईंच्या सरळ रस्त्यावर.

सव्वा वर्ष मला वाटत होतं, नोकरी गेली म्हणून हे असे झालेत. मी भलत्याच आजारावर औषध देत होते.

थोड्या वेळानं म्हणाले, "कोटाचं काम बरं होतं. चूक कुठे आहे ते खडूवर दिसायचं."

मग मी विचारलं, "त्यांना माहीत आहे? नावं तुम्ही दिली ते?"

"माहीत नाही."

पाणी तीन वाजता आमच्या खडकापासून दोन वीत खाली. चारला तेवढंच. पावणेपाचला एक वीत उतरलं. म्हातारबा परत आले, वाडीतली दोन माणसं आणि म्हशीच्या दाव्यांना दावी बांधून केलेला लांब दोर घेऊन. ह्यांनी पहिल्यांदा माझे गमबूट काढायला लावले. बुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही. मग खांद्यावरची पँट. "छातीपर्यंत आहे. आत पाणी शिरलं तर पोतं होईल." स्वतःच काढलेलं डिझाइन. मी सहावारीत नव्हते हे बरं, आत सलवार होती. कोट गुंडाळून दोराला बांधून आधी पलीकडे पाठवले. माझा पोचला. ह्यांचा मध्येच सुटला आणि गेला, पिवळा ठिपका धरणाच्या दिशेनं, बराच वेळ दिसत होता.

मग मी. छातीपर्यंत पाणी, इतकं गार की श्वास अडकला. मध्ये पाय दगडात मुरगळला. म्हातारबांनी दंड धरून ओढलं. त्यांच्या अंगावर खताच्या पोत्याची खोळ आणि खाली घोंगडी. मागून हे.

वाडीत चुलीपुढे बसवलं. म्हातारबांच्या सूनबाईंनी विचारलं, "एवढ्या पावसात कशाला गेल्ता?" हे म्हणाले, "कोरडे होतो म्हणून."

त्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

३ ऑगस्ट, मंगळवार

ह्यांना ९९ ताप. डॉ. घरी येऊन गेले. छातीत काही नाही. विचारलं, भिजले का? मी हो म्हटलं. कोट असताना की नसताना, ते विचारलं नाही.

सु. दोन तास ओरडली. तिला ओढ्याचं सांगितलं. दुसरं नाही. ते सांगायचं असेल तर तिचे बाबा सांगतील.

५ ऑगस्ट, गुरुवार

ताप उतरला. टीव्ही बंद. हे गॅलरीत बसून. मी चहा दिला तर म्हणाले, "तुला माझा राग आलाय का?"

म्हटलं, "अजून ठरवतेय."

खरंच ठरवतेय. जगतापवहिनींनी मला एकदा ज्वारीच्या पापड्या दिल्या होत्या करून, पत्र्याच्या डब्यात. डबा आमच्याकडेच राहिलाय. पण टेबलावर बसून नावं लिहिणारा माणूसही मला रोज दिसत होता आणि मी फोडणी देत होते. विचारलं नाही, काय लिहिताय.

१४ ऑगस्ट, शनिवार

हे सकाळी कसब्यात गेले. दुपारी दोनला आले. आल्या आल्या सांगितलं, सरळ रस्त्यानं गेलो.

जगताप ड्युटीवर होते. वहिनींनी बसवून घेतलं. चहा, चिवडा. तासभर बसले. हे म्हणाले, "बोललो बरंच."

"काय?"

"रेनकोटवर."

वहिनींनी आपणहून विषय काढला. गेटवर उभं राहायला एजन्सीनं कोट दिलाय तो गळका, रोज बनियन पिळून वाळत घालते, जगतापांचा खोकला जात नाही. तर साहेब, चांगला कुठला घ्यावा? आणि हे बसून समजावत होते. पट्टी चिकटवलेली शिवण, आतली बाही, चेनवरची झडप. उभ्याच्या ड्युटीला लांब कोट चालेल, बसायचं असेल तर आखूड. आत सुती नको. वहिनींनी वहीच्या पानावर लिहून घेतलं.

"आणि ते?"

"ते त्याला सांगायचं. तिला नाही."

बरोबर आहे. तरी मी कुकर जोरात आपटला.

१८ ऑगस्ट, बुधवार

जगतापांचा फोन. मीच उचलला. आवाज तोच, थोडा बसलेला. "वहिनी, साहेब आहेत का?" ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. ह्यांच्या बाजूचं एवढंच ऐकू आलं: हो. हो. रविवारी. नाही, नाही, तिकडे नाही, खडकवासल्याला, रस्त्यालगत. गळ मी आणतो. तू नुसता ये.

ठेवल्यावर म्हणाले, जगतापांची रविवारी सुट्टी आहे. मासे धरायला यायचं म्हणतायत. लहानपणी नीरेत धरायचे.

२१ ऑगस्ट, शनिवार

कणकेच्या गोळ्या मळल्या, थोडी हळद घालून. गांडुळं ह्यांनी आणली.

"तू येणार ना?"

येणार म्हटलं.

दहा मिनिटांनी परत आले स्वयंपाकघरात. "नाही आलीस तरी चालेल."

२२ ऑगस्ट, रविवार

हे सहाला निघाले. पावसाची भुरभुर. नवा कोट अजून अन्वरभाईंकडेच, त्यामुळे स्वतः काळा जुना घातला, खांद्याला पट्टी मारून. माझा पिवळा जगतापांसाठी पिशवीत. त्यांच्या खांद्यांना बसेल का, मी विचारलं नाही. पापड्यांचा डबा दिला बरोबर, आत लाडू घालून.

हे पाण्यावर आणि मी घरी, असा पहिलाच रविवार. कपाट आवरलं. कुलकर्णीबाईंनी विचारलं, आज शॉवर नाही? पेपर दोनदा वाचला. नऊला पाऊस वाढला, दहाला थांबला, परत लागला.

अकराला फोन. धावत उचलला. जगतापवहिनी. आधी खुशाली, सु. ची नोकरी, माझा पाय. मग म्हणाल्या, दोघं किती वाजता येतील, साहेब काही बोललेत का? मी म्हटलं, मासा लागला तर उशीर, नाही लागला तर अजून उशीर. त्या हसल्या. त्यांच्याकडे पण पाऊस होता, पत्र्यावर वाजत होता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "साहेब काही मनात ठेवून गेलेत का हो आज?"

मी म्हटलं, "का?"

"नाही. आमचेही गेलेत. दीड वर्ष म्हणतायत, साहेबांना एकदा भेटून बोलायचंय. काय ते मलाही सांगत नाहीत."

मी म्हटलं, आल्यावर बघू.

फोन ठेवला. दोघांपुरता लावलेला भात उतरवला, चौघांचा परत लावला.